युनियनच्या निवडणुकीत वाद झालाय? नवीन मेंबरने काय करायचं, पायरी पायरीने

निवडणूक होते, निकाल लागतो, आणि दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर दोन वेगवेगळ्या कार्यकारिणींची नावं चिकटवलेली दिसतात. दोन जनरल सेक्रेटरी, दोघांकडे शिक्का, दोघंही कंपनीला पत्र देतात की आम्हीच खरे. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, कुठल्याही एमआयडीसीत विचारा, असा एखादा किस्सा मिळेलच. आणि यात सगळ्यात जास्त गोंधळतो तो नुकताच परमनंट झालेला पोरगा, ज्याने पहिल्यांदाच मत दिलंय आणि ज्याला दोन्ही पॅनलवाले कॅन्टीनमध्ये बाजूला घेऊन वेगवेगळं सांगतायत.

हा लेख त्याच्यासाठी. कुठलं पॅनल बरोबर ते मी सांगणार नाही, वाद सोडवायचा रस्ता काय एवढंच सांगतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: हे वाद भाषणावर ठरत नाहीत, मेंबरच्या यादीवर आणि कागदावर ठरतात. आणि वाद जितका लांबतो तितका फायदा दोन्ही पॅनलांपेक्षा कंपनीचा होतो, कारण करार लटकतो.

आधी वाद नेमका कसला ते ओळखा

दोन गोष्टींची खिचडी होते. एक म्हणजे आपल्याच युनियनच्या आतली निवडणूक, म्हणजे अध्यक्ष, सरचिटणीस, खजिनदार कोण. दुसरी म्हणजे दोन वेगळ्या युनियनमध्ये कंपनीशी बोलायचा हक्क कुणाचा, म्हणजे मान्यता. दोन्हीचे नियम वेगळे, अर्ज वेगळे. डिसेंबर २०२४ मध्ये रेल्वेत गुप्त मतदान झालं ते मान्यतेसाठी होतं, पदाधिकारी निवडायला नव्हतं. महाराष्ट्रात मान्यतेसाठी १९७१ चा एमआरटीयू-पीयूएलपी कायदा (युनियनची मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा यांचा कायदा) वापरला जायचा, त्यात अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत किमान ३० टक्के मेंबरशिप दाखवावी लागायची. नव्या औद्योगिक संबंध संहितेत (नोव्हेंबर २०२५ पासून लागू, तिच्याबद्दल पुढे येईलच) वाटाघाटीच्या युनियनसाठी ५१ टक्क्यांचं गणित आलंय, एकाच युनियनकडे तेवढे नसतील तर २० टक्केवाल्यांची मिळून कौन्सिल.

मान्यतेचा प्रश्न किती जीवघेणा होऊ शकतो ते मुंबईच्या गिरणी कामगारांना विचारा. १९८२ च्या संपात कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे होते, पण १९४६ च्या बीआयआर (मुंबई औद्योगिक संबंध) कायद्याप्रमाणे प्रातिनिधिक युनियन होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ, म्हणजे कागदावर बोलायचा हक्क त्यांचाच. तो विषय मोठा आहे, इथे सोडून देतो. पुढचं सगळं पहिल्या प्रकारच्या, म्हणजे आपल्याच घरातल्या भांडणाबद्दल.

युनियनची घटना हातात घ्या

घटना म्हणजे युनियनचे बायलॉज, लिखित नियम. रजिस्टर करताना ती जमा केलेली असते, आणि निम्म्या मेंबरांनी ती कधी बघितलेली नसते. पदाधिकाऱ्याकडे मागा. दिली नाही, किंवा दिली ती झेरॉक्सची झेरॉक्स आणि मधली दोन पानं गायब, तर कामगार आयुक्त कार्यालयात ट्रेड युनियन रजिस्ट्रेशनचं काम बघणाऱ्यांकडे प्रमाणित प्रत मागा. टाळाटाळ झाली तर सरळ माहिती अधिकार, दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन. अर्ज युनियनच्या नावाने करू नका, रजिस्ट्रारच्या कार्यालयाकडे करा, कागद त्यांच्याकडे आहेत.

सोबत मागच्या काही वर्षांचे वार्षिक रिटर्न पण मागा. रिटर्नमध्ये ३१ डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाचा हिशेब, मेंबरांची संख्या आणि पदाधिकाऱ्यांतले बदल असतात. जो माणूस आज म्हणतोय की आमचे बाराशे मेंबर, त्याच्याच सहीने मागच्या वर्षी सातशे लिहून दिलेले सापडतात, मग बोलणं बरंच सोपं होतं.

घटनेत काय बघायचं? मुदत किती (१९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात २००१ च्या दुरुस्तीने जास्तीत जास्त तीन वर्षं अशी मर्यादा आली), जनरल बॉडीची नोटीस किती दिवस आधी, कोरम (सभेला किमान किती मेंबर हजर लागतात) किती, निवडणूक अधिकारी कोण नेमणार, मतदान हात वर करून की चिठ्ठीने, वर्गणी किती महिने थकली की मताचा हक्क जातो, अविश्वास ठराव आणायला किती सह्या. यातलं काही घटनेत लिहिलेलंच नसेल तर आजपर्यंत कसं होत आलं ते मिनिट बुकातून काढावं लागतं. आणि एक मेख: घटनेत दुरुस्ती झाली म्हणतात ती रजिस्ट्रारकडे नोंदवली का ते तपासा. मीटिंगमध्ये टाळ्या वाजवून पास झालेली आणि नोंदणीच न झालेली दुरुस्ती वादाच्या वेळी उभी राहत नाही.

बाहेरच्या नेत्यांचा मुद्दा पण इथेच तपासायचा. संघटित क्षेत्रात बाहेरचे पदाधिकारी एकूणच्या एक तृतीयांश किंवा ५, यात जे कमी ते. कार्यकारिणी ९ जणांची असेल तर ३, १५ ची असेल तर ५, आणि २१ ची असली तरी ५ च. रिटायर झालेला किंवा कपातीत गेलेला आपला कामगार बाहेरचा धरत नाहीत, त्यामुळे जुन्या कामगारांवर उगाच या मुद्द्यावर आक्षेप घेऊ नका, पडेल.

मतदार यादी: खरी लढाई इथे

पॅनल कुठलं, घोषणा कुठल्या, हे सगळं नंतर. निवडणूक जिंकली किंवा हरली जाते ती यादीत. कुणाला यादीत घेतलं, कुणाला थकबाकीदार म्हणून बाहेर ठेवलं, आणि शेवटच्या महिन्यात कुणाच्या नावाने पावत्या फाटल्या.

म्हणून यादी निवडणुकीच्या आधी मागा, लेखी मागा. मेंबर यादी आणि हिशेबाची वही बघण्याचा हक्क प्रत्येक मेंबरला कायद्यानेच आहे, १९२६ च्या कायद्यात तो कलम २० मध्ये होता, नव्या संहितेतही तो राहिलाय. कधी आणि कुठे बघायची ते घटनेत असतं. "यादी ऑफिसात आहे, ये कधीपण" असं तोंडी उत्तर मिळालं तर त्याच दिवशी पत्र द्या की अमुक तारखेला अमुक वेळी येतो, आणि पोच घ्या.

यादीत हे बघायचं: आपली वर्गणी पगारातून कापली जाते का, कापली जात असेल तर पगारपत्रकावर ती दिसते, आणि मग थकबाकीचा आरोप टिकत नाही कारण पैसे कंपनीने कापून युनियनच्या खात्यात भरलेत. हा तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा, कारण तो दोन्ही पॅनलांच्या हातातला नाही. पावतीने वर्गणी जात असेल तर पावत्यांचे नंबर बघा. मार्चची पावती १४५० आणि जानेवारीची १६२०, असं उलटं दिसलं तर मागच्या तारखा टाकून पावत्या फाडल्यात हे समजायला वकील लागत नाही.

मग वादातली माणसं. दुसऱ्या प्लांटला बदली झालेला, सस्पेंड असलेला, नोकरीवरून काढलेला पण केस चालू असलेला, कॉन्ट्रॅक्टवाला. यांना मत आहे की नाही याचं सगळीकडे चालणारं एक उत्तर नाही, घटनेतली मेंबरशिपची व्याख्या काय म्हणते त्यावर. पण एक गोष्ट पक्की करून घ्या की नियम सगळ्यांना सारखा लावलाय. समोरच्या पॅनलचे सस्पेंड मेंबर बाहेर आणि आपले आत, असं असेल तर आपलंच पॅनल चुकतंय हे बोलायची हिंमत ठेवा.

आक्षेप त्याच वेळी आणि कागदावर

अर्ज बाद झाला तर कारण लेखी मागा, लगेच. मतदानाच्या दिवशी दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी असतील, पेटी सील करताना सह्या होतील, छापलेल्या, वापरलेल्या आणि उरलेल्या मतपत्रिकांचा हिशेब एका कागदावर लिहिला जाईल, मोजणी झाल्यावर आकड्यांवर दोघांच्या सह्या होतील, एवढं केलं तरी निम्मे वाद जन्मतच नाहीत. निकालाच्या कागदावर सही करायची वेळ आली आणि तुम्हाला आक्षेप असेल तर सही नाकारून निघून जाऊ नका, "आक्षेप नोंदवून सही" असं लिहून सही करा आणि आक्षेप एका ओळीत तिथेच लिहा. निघून गेलेल्या माणसाबद्दल नंतर म्हणतात की हा तिथे नव्हताच.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा आक्षेप म्हणजे आक्षेप नव्हे, ती फक्त भांडणाची सुरुवात. नोटीस बोर्डाचा तारखेसह फोटो मात्र नक्की काढून ठेवा, नोटीस किती दिवस आधी लागली याचा वाद हमखास होतो.

आणि कृपा करून समांतर निवडणूक घेऊ नका. एका गटाने हॉलमध्ये आणि दुसऱ्याने गेटवर निवडणूक घेतली की वाद मतांचा उरत नाही, खरी सभा कुठली याचा होतो, आणि तो सोडवायला वर्षं जातात. तसंच ऑफिसचं कुलूप तोडणं, रजिस्टर पळवणं. ज्याने रजिस्टर पळवलं त्याच्यावर पोलीस तक्रार होते, कंपनी ती तक्रार घेऊन चौकशी लावते, आणि पॅनल राहिलं बाजूला, पोराची नोकरी जाते.

रजिस्ट्रार, बँक, कंपनी: तीन पत्रं

निकालानंतर जिंकलेला गट पदाधिकाऱ्यांतला बदल रजिस्ट्रारला कळवतो. तुमचा आक्षेप असेल तर तो तिथे लगेच, इनवर्ड नंबर घेऊन. पण रजिस्ट्रारकडून नसती अपेक्षा ठेवू नका. लोक म्हणतात "साहेब ठरवतील". साहेबांचं काम मुख्यतः नोंदीचं आहे. दोन गटांचे साक्षीपुरावे घेऊन खरी कार्यकारिणी कोणती याचा निवाडा देणं हे त्यांच्या अधिकारात बसत नाही, आणि हायकोर्टांनी हे वेळोवेळी सांगितलंय. तिथे तुमचं नाव नोंदलं गेलं म्हणून तुम्ही जिंकलात असं नाही, आणि नाही नोंदलं म्हणून हरलातही नाही. तरी पत्र महत्त्वाचं, कारण पुढे कोर्टात पहिला प्रश्न असतो की तुम्ही हरकत कधी घेतली.

बँकेचं पत्र लिहिताना डोकं शांत ठेवा. रागात लोक लिहितात की खातं गोठवा. बँकेला तेच हवं असतं, दोन पत्रं आली की ती हात वर करते. मग कोर्टात चालू असलेल्या केसेसच्या वकिलांची फी अडकते, मेलेल्या मेंबरच्या घरची मदत अडकते, ऑफिसचं भाडं थकतं. त्याऐवजी एवढंच लिहा की वाद मिटेपर्यंत सही करणाऱ्यांची नावं बदलू नका आणि मोठी रक्कम काढू देऊ नका, आणि नेहमीचे खर्च दोन्ही गटांच्या एकेका सहीने चालू राहावेत असा प्रस्ताव समोरच्यांनाही द्या.

कंपनीला पत्र छोटं. आमच्यात निवडणुकीचा वाद आहे, तो आम्ही सोडवतोय, तोपर्यंत कुठल्याही एका गटाशी करार करू नये, चालू करारातल्या गोष्टी तशाच चालू ठेवाव्यात. बस. मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन समोरच्या गटाच्या तक्रारी सांगत बसू नका, तिथे बोललेलं प्रत्येक वाक्य पुढच्या वेतन कराराच्या टेबलावर परत येतं. आणि कंपनीच एखाद्या गटाला गाडी, हॉल, सुट्टी देऊन उभं करत असेल तर ती अनुचित कामगार प्रथा आहे. त्याची तक्रार ठरलेल्या मुदतीत करायची असते, ती मुदत निवडणुकीच्या भांडणात विसरली जाते.

कोर्टाआधी एकदा बसा

बहुतेक भांडणं इथे मिटू शकतात, फक्त मधला माणूस दोघांना चालणारा पाहिजे. युनियन एखाद्या सेंट्रलला, म्हणजे देशपातळीवरच्या कामगार संघटनेला, जोडलेली असेल तर तिथला ज्येष्ठ माणूस, पण तो आधीच एका गटाच्या स्टेजवर बसून भाषण करून गेला असेल तर नको. रिटायर झालेला कामगार अधिकारी, दोघांना मान्य असलेला वकील, किंवा कंपनीतून रिटायर झालेला एखादा जुना कामगार ज्याला पुढे काही व्हायचं नाही.

तडजोड झाली तर ती "ठीक आहे, पुन्हा मतदान घेऊ" एवढ्यावर सोडू नका. लिहा: यादी कुठल्या तारखेची धरायची, निवडणूक अधिकारी कोण, मतदान चिठ्ठीने, तोपर्यंत रोजचा कारभार कोण बघणार, चेकवर सह्या कुणाच्या, आणि निकाल दोघांना बंधनकारक. यादीची तारीख सगळ्यात आधी ठरवा, बाकी सगळं ठरून यादीच्या तारखेवर बैठक मोडते हे मी बघितलंय. मग हा कागद जनरल बॉडीपुढे ठेवून मंजूर करून घ्या, कारण दोन नेत्यांनी आपसांत केलेली तडजोड मेंबरना मान्य असतेच असं नाही.

मिटलंच नाही तर

इथे कायदा बदललाय, नीट वाचा. महाराष्ट्रात १९६८ पासून ट्रेड युनियन कायद्यात आपलं स्वतःचं एक कलम होतं, २८-१अ. पदाधिकारी कोण, मेंबर कोण, चुकीची हकालपट्टी, युनियनची मालमत्ता आणि हिशेबाच्या वह्या, असे वाद किमान सहा महिने मेंबर असलेला कोणीही रजिस्ट्रारची संमती घेऊन औद्योगिक न्यायालयात नेऊ शकत होता. कोर्टाला मधल्या काळासाठी प्रशासक समिती नेमता यायची आणि कोर्टाने नेमलेल्या माणसाच्या देखरेखीखाली निवडणूक घ्यायला लावता यायची. निर्णय अंतिम, त्यावर सिव्हिल कोर्टात जाता येत नव्हतं. जुन्या कामगारांच्या तोंडी तुम्हाला याच कलमाचं नाव ऐकू येईल आणि जुन्या केसेस याच कलमाखालच्या आहेत.

२१ नोव्हेंबर २०२५ ला औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि १९२६ च्या कायद्याची जागा तिने घेतली. तिच्या कलम २२ मध्ये हे वाद ट्रिब्युनलकडे, म्हणजे औद्योगिक न्यायाधिकरणाकडे दिलेत. युनियन विरुद्ध युनियन, मेंबर विरुद्ध युनियन (रजिस्ट्रेशन, कारभार, पदाधिकाऱ्यांची निवडणूक), आणि ज्याला मेंबरशिपच नाकारली तो कामगार विरुद्ध युनियन, हे सगळे त्यात येतात. शेवटचं विशेष चांगलं, कारण निवडणुकीआधी अर्ज दाबून ठेवून माणसं बाहेर ठेवणं हा जुना खेळ आहे. युनियनचं रजिस्टर्ड ऑफिस जिथे, त्या भागाच्या ट्रिब्युनलकडे अर्ज. कलमात रजिस्ट्रारच्या संमतीची अट नाही. सिव्हिल कोर्टाला हे वाद ऐकायचा अधिकार नाही, त्यामुळे "सिव्हिलमधून स्टे आणतो" असं कोणी सांगत असेल तर त्याला कलम २२ दाखवा.

जुनी केस चालू असेल किंवा वाद नोव्हेंबर २०२५ च्या आधीचा असेल तर अर्ज कुठे आणि कुठल्या नमुन्यात, हे कामगार कोर्टात रोज उभं राहणाऱ्या वकिलाकडून आधी पक्कं करा, चुकीच्या दारात वर्ष घालवू नका. कंपनीच्या केसेस लढणारा वकील मात्र नको, कितीही स्वस्त असला तरी.

अर्जात राग लिहू नका. तारखा लिहा. नोटीस कधी, सभा कधी, कोरम किती, यादीतून कोण वगळला आणि त्याच्या वर्गणीचा पुरावा काय, आक्षेप कधी घेतला, घटनेतलं कुठलं कलम मोडलं. आणि हे पण लिहावं लागतं की चूक झाली तिने निकाल बदलला. फरक दोनशे मतांचा आणि बोगस नावं सात, तर कोर्ट विचारणारच की मग काय फरक पडला. मागणी दोन टप्प्यात करा: अंतिम मागणी फेरनिवडणूक किंवा फेरमोजणी, आणि अंतरिम मागणी मतपत्रिका, रजिस्टर, पावती पुस्तकं कोर्टाच्या ताब्यात किंवा सीलबंद. अंतरिम मागणी पहिल्याच तारखेला रेटा, कारण सहा महिन्यांनी मतपत्रिका उंदरांनी खाल्ल्या असं उत्तर येतं आणि मग फेरमोजणी कशाची करणार. ट्रिब्युनलच्या निर्णयाविरुद्ध हायकोर्टात रिट होते, पण तिथे पुन्हा पहिल्यापासून पुरावे तपासत नाहीत, त्यामुळे जे दाखवायचं ते खालीच दाखवा.

निकाल लागल्यावर चार्ज घेताना

जिंकलात तर हारतुरे नंतर, आधी चार्ज. रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट मूळ प्रत, मिनिट बुक, मेंबर रजिस्टर, हिशेबाच्या वह्या, चेकबुक, पॅन, शिक्के, आजवरचे सगळे करार, चालू केसेसच्या फायली. प्रत्येक वस्तूची यादी, दोन्ही बाजूंच्या सह्या, तारीख. रजिस्ट्रारला बदल कळवा. १९२६ च्या कायद्याखाली रजिस्टर असलेली युनियन नव्या संहितेखालीही रजिस्टर मानली जाते, पण घटना संहितेप्रमाणे अपडेट केल्याचं निवेदन पदाधिकाऱ्यांच्या नावांसह द्यायचं असतं, ते मागच्या लोकांनी भांडणात दिलेलं नसण्याचीच शक्यता जास्त, तेही याच फेरीत उरकून टाका.

पावती पुस्तकं मोजून घ्या, वापरलेली आणि कोरी दोन्ही, नंबर टू नंबर. जे पुस्तक परत मिळालं नाही त्याचे नंबर लिहून नोटीस बोर्डावर लावा की या नंबरांच्या पावत्या आजपासून रद्द, आणि त्याच पत्राची एक प्रत रजिस्ट्रारला, एक कंपनीला.